टिपणीस उभा राहिला की

श्रीरंग टिपणीस यांच्या हाताखाली मी पंधरा वर्षं वकिली केली. केली म्हणण्यापेक्षा वाहिली म्हणावं. त्यांच्या फायली वाहिल्या, गाऊन वाहिला, पाण्याचा तांब्या वाहिला, आणि सगळ्यांत जड म्हणजे त्यांचा स्वभाव वाहिला. दिल्लीत, पटियाला हाउसच्या कोर्टात मला बरीच वर्षं लतिका या नावाने कोणी ओळखतच नव्हतं. "टिपणीसजी की जूनियर" एवढीच ओळख, आणि ती सांगताना लोक माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघायचे.

कीव रास्तच होती. साहेब स्वतःचा उल्लेख आडनावाने करायचे. "टिपणीस उभा राहिला की साक्षीदार खाली बसतो," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचं. कोर्टात त्यांना बाटलीतलं पाणी चालत नसे. पितळेचा तांब्या लागायचा, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं, आणि तो उजव्या हातालाच हवा. खालच्या कोर्टात गाऊनची सक्ती नसते, दिल्लीच्या मे महिन्यात तर शहाणा माणूस काळा कोटही नाइलाजाने घालतो, पण साहेब बाराही महिने गाऊन चढवूनच यायचे. न्यायाधीश तरुण दिसला की आधी त्याला त्याच खुर्चीत पूर्वी बसून गेलेल्या चारपाच न्यायाधीशांची नावं ऐकवायची आणि त्यांनी "मिस्टर टिपणीस" यांच्याबद्दल काय म्हटलं होतं तेही सांगायचं. स्वतःची आरती स्वतः ओवाळायची आणि प्रसादही स्वतःच खायचा, असा सगळा कारभार होता.

मी हे वैतागून सांगते आहे. वैताग यायला कारणंही आहेत. पण वकील मोठा होता, हे कबूल केलं नाही तर मीच खोटी पडेन.

पहिल्याच वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं, "लतिका, ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक नाही, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. काम झालं की बसायचं. उभं राहायला कोणालाही येतं, बसायला शिकावं लागतं." आणि ते खरोखरच बसायचे. एका चोरीच्या केसमध्ये त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि बसले. समोरच्या सरकारी वकिलाला आपण हरलो आहोत हे कळायला अर्धा तास लागला. त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसाचा तांब्या मी जन्मभर उचलेन.

ज्युनिअरची खुर्ची डाव्या हाताला. ज्युनिअरने फाइल उघडून बसायचं, लागेल तो कागद पुढे सरकवायचा, आणि सीनिअर भलतीकडे चालला आहे असं वाटलं तर गाऊनचं टोक हळूच ओढायचं. एवढाच अधिकार. सीनिअर उभा असताना ज्युनिअर उभी राहिली तर तो सीनिअरचा भर कोर्टात अपमान. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत मी टोक ओढलं की साहेब मागे वळूनही न बघता वाक्य तिथेच थांबवायचे. मोठेपणा म्हणतात तो तोच होता, आणि तोच आधी गेला.

साहेबांचं आयुष्य सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टर त्यांच्या पत्नीचं, प्रभाकाकूंचं. त्या मंत्रालयात नोकरीला होत्या, घर त्यांना मिळालेलं, पण फाटकावर पितळेची पाटी होती ती "श्रीरंग टिपणीस, अॅडव्होकेट" अशी. शहाण्णव साली काकू निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. ते घर बायकोच्या नोकरीचं होतं, हे साहेबांना पाटी उतरवताना पहिल्यांदा समजलं असावं. दोन दिवस ते चेंबरमध्ये आलेच नाहीत.

मग नोएडातल्या एका नव्या सोसायटीत आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे पाटी लावायला फाटक नव्हतं. दारावर नंबर, खाली रजिस्टर, आणि रजिस्टरपाशी दर महिन्याला नवा गार्ड. तो रोज विचारायचा, "किससे मिलना है?" एकदा साहेब त्याच्यावर ओरडले, "मुझे मुझसे ही मिलना है!" गार्डने शांतपणे फ्लॅट नंबर विचारला. शेजारी सगळी पुण्यामुंबईकडून कॉम्प्युटरच्या आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांवर आलेली तरुण जोडपी. लिफ्टमध्ये भेटली की म्हणायची, "अंकल, रिटायर्ड ना तुम्ही?" चौसष्ट वर्षांचा माणूस. सकाळी डोक्यात तीन केसेस घेऊन निघालेला.

केसेसही आटत चालल्या होत्या. नव्या कंपन्या आल्या होत्या, त्यांचे वकील काचेच्या ऑफिसात बसत आणि भांडण कोर्टात पोचायच्या आधीच मिटवत. पितळेच्या तांब्याला तिथे कोण विचारतो? दुपारी चेंबरमध्ये ते डोळे मिटून बसून राहायचे. मी चहा ठेवायची, तो निवायचा. मला तेव्हा त्यांची दया यायची, आणि दया आल्याचा रागही यायचा.

अशात पुष्कर आला. चौथ्या मजल्यावर राहणारा पुण्याचा मुलगा, नोएडाच्या फिल्म सिटीत एका कंपनीसाठी मालिका दिग्दर्शित करायचा. "कोर्ट नंबर नौ" नावाची कोर्टाची मालिका काढत होता. साहेबांना म्हणाला, "सर, सल्लागार म्हणून या ना. दोन तास फक्त. सेट बघून सांगा, बरोबर आहे का."

साहेब गेले, मी पाठोपाठ तांब्या घेऊन गेले. सेटवरच्या न्यायाधीशासमोर लाकडी हातोडा ठेवलेला होता. साहेबांचा पारा चढला. "आपल्या देशात कुठल्या न्यायाधीशाच्या हातात हातोडा बघितलास? सुतार आहे का तो?" पुष्कर म्हणाला, "सर, लोकांना हातोडा लागतो." मग ज्याला वकिलाचं काम दिलं होतं तो नट वाक्य म्हणायला लागला, आणि साहेबांना राहवेना. "असं नाही. बाजूला हो." त्यांनी गाऊन सावरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर न चढवता साक्षीदाराकडे बघितलं आणि प्रश्न विचारला. सगळा सेट गप्प झाला. पुष्कर नुसता बघत राहिला. तो नट आठवड्याभरात मुंबईला दुसऱ्या कामावर गेला, की त्याला घालवला, मला ठाऊक नाही. हातोडा मात्र तिथेच राहिला आणि वकील हरिहर बख्शी म्हणून साहेब उभे राहिले.

बख्शी म्हणजे साहेबच. विक्षिप्त, अहंमन्य, म्हातारा, तांब्यासकट. मालिकेच्या लेखकाला काही कल्पना लढवावीच लागली नाही. फक्त एक गोष्ट त्याने आपल्या पदरची घातली, आणि तिनेच घात केला. दर गुरुवारी केस हातातून गेली असं वाटत असताना बख्शी चष्मा काढायचा, पुसायचा, दोन क्षण थांबायचा. मागे संगीत वाजायचं. मग तो शेवटचा प्रश्न विचारायचा आणि साक्षीदार रडत रडत सगळं कबूल करायचा. लेखकाने लिहिलेला साक्षीदार तो. दुसरं काय करणार बिचारा?

गार्ड सलाम ठोकायला लागला. लिफ्टमधली जोडपी म्हणायला लागली, "सर, कालचा एपिसोड बिल्कुल जबरदस्त!" सरोजिनी नगरच्या बाजारात कपडेवाले हातातला ढीग खाली ठेवून हाका मारायचे, "बख्शी साहब!" काकू एकदा मला म्हणाल्या, "लतिका, यांना आता घरीसुद्धा थांबून थांबून बोलायची सवय लागली आहे. मीठ कमी आहे हे सांगायला चष्मा काढतात." आम्ही दोघी हसलो. मला खरं तर हसू येत नव्हतं. कारण साहेब आता कोर्टात येताना दोन पुडकी घेऊन यायचे, एक केसची फाइल आणि एक पुढच्या भागाचे संवाद. उघडलेलं असायचं ते दुसरं पुडकं.

"साहेब, फाइल बघून घेता का?" असं मी म्हटलं की म्हणायचे, "टिपणीस कागद वाचत नाही, माणूस वाचतो."

गाऊनचं टोक मी ओढत होते, पण आता ते माशी हाकलावी तसा माझा हात झटकायचे. तारखा मागायला, वेळ मारून न्यायला, शूटिंग संपेपर्यंत केस मागे ठेवा म्हणून न्यायाधीशांच्या विनवण्या करायला मी. थकून गेले होते. सोडून जावं असं मनात यायचं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तांब्या घासायची.

दत्तात्रय भोईटे आमच्याकडे आला तो बख्शीमुळेच. पुण्याजवळच्या एका कारखान्याने त्याला गुडगावजवळच्या मानेसरच्या नव्या कारखान्यात पाठवलं होतं, कामगारांची बस चालवायला. बायको नीलासकट तिथल्या गावात एका खोलीत राहायचा. डिसेंबरच्या एका संध्याकाळी त्याच्या बसखाली एक सायकलवाला कामगार आला आणि जागच्या जागी गेला. निष्काळजीपणाने गाडी चालवून माणूस मारल्याचा गुन्हा. शिक्षा झाली तर तुरुंग आणि पुढे कोणी हातात चाक देणार नाही. मराठी माणसं उतरतात त्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये कोणीतरी त्याला सांगितलं, "आपला मराठी वकील आहे, टीव्हीवर येतो तो." नीला घरमालकिणीच्या टीव्हीवर दर गुरुवारी बख्शी बघायची. तिने नवऱ्याला दुसऱ्या कुठल्याही वकिलाकडे जाऊ दिलं नाही.

साहेबांनी फी घेतली नाही. "आपल्या माणसाकडून टिपणीस फी घेत नाही," असं म्हणाले आणि शूटिंगला निघून गेले. दत्तात्रयची हकिगत ऐकली ती मी.

तो मान खाली घालून बोलत होता. "मॅडम, डोळा लागला माझा. दुसरा ड्रायव्हर आला नव्हता, दोन दिवस मीच चालवत होतो. धाडकन आवाज आला तेव्हा जाग आली. खाली उतरलो, रस्त्याकडेला चहावाला होता, त्याचे हात धरले आणि त्याला हेच बोललो. काय बोलतोय ते मला समजत नव्हतं."

हा चहावाला, रामफल, सरकारचा एकुलता एक साक्षीदार. पण पोलिसांनी लिहून घेतलेल्या त्याच्या जबानीत हे वाक्य नव्हतं. "बस तेज़ और लापरवाही से आई" हे पोलिसांचं नेहमीचं छापील वाक्य तेवढं होतं. म्हणजे हे वाक्य कोणाला ठाऊक होतं? दत्तात्रयला, रामफलला आणि मला. खरं खोटं करणं हे आमचं काम नव्हतं. सरकारने गुन्हा सिद्ध करावा, न झाल्यास माणूस सुटतो. आमच्या धंद्यात याला लबाडी म्हणत नाहीत, गप्प बसणं म्हणतात. त्या मेलेल्या माणसाचा भाऊही दर तारखेला येऊन मागच्या बाकावर बसायचा, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायची.

मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं: "रामफलला 'तुला कसं कळलं' हे विचारू नये. आरोपी त्याच्याशी बोललेला आहे."

रामफलची साक्ष लागली ती दीड वर्षाने, मे महिन्यात, गुडगावच्या कोर्टात. गाडीत मी साहेबांना पुन्हा सगळं सांगितलं. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, काचेतून ऊन आत येत होतं. साहेबांच्या मांडीवर संवादांचं पुडकं होतं आणि ओठ हलत होते.

"साहेब, ऐकता आहात ना? तो पाठमोरा होता एवढंच काढायचं आणि बसायचं. पुढे जायचं नाही."

"हूं."

"त्याला कारण विचारायचं नाही."

"लतिका," ते डोळे मिटून म्हणाले, "तू जन्माला आली नव्हतीस तेव्हापासून टिपणीस उलटतपासणी घेतो आहे." मग ते पुन्हा पुटपुटायला लागले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. बख्शी साहब आलेत हे कळल्यावर शेजारच्या कोर्टांतले कारकून आणि वकीलसुद्धा दारात येऊन उभे राहिले. नीलाही आली होती, पहिल्यांदाच. धुवट साडी, केसात गजरा. ती सगळ्यांत मागे भिंतीला टेकून उभी होती.

साहेब उभे राहिले. आणि सांगते, पहिली दहा मिनिटं जुने टिपणीस परत आले. आवाज न चढवता, रामफलला "जी" म्हणत म्हणत त्यांनी त्याला हवं तिथे आणलं. संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यातला अंधार, रस्त्यावर दिवा नाही. दूध उतू जात होतं, रामफल चुलीकडे तोंड करून होता, पाठ रस्त्याकडे. आवाज झाल्यावर वळला.

"तो आपने टक्कर होते हुए नहीं देखी?"

"नहीं जी. देखी तो बाद में."

संपलं. केस तिथे संपली होती. ज्या एकट्या माणसाने अपघात पाहिला असं सरकार म्हणत होतं, त्याने पाहिलाच नव्हता. सरकारी वकिलाने पेन खाली ठेवलं. माझ्या जिवात जीव आला. मी मनात म्हणत होते, बसा, साहेब, बसा.

साहेबांनी चष्मा काढला.

दारातली कुजबुज थांबली. त्यांनी चष्मा गाऊनच्या टोकाला पुसला आणि तेच टोक मी दोन्ही हातांनी धरून ओढलं. त्यांनी ते सोडवून घेतलं. मी पुन्हा ओढलं. त्यांनी माझा हात झटकला आणि रामफलकडे बघत दोन क्षण थांबले. संगीतासाठी थांबले. ते कधीच वाजणार नव्हतं, पण ते थांबले.

"फिर आप किस आधार पर कहते हैं कि गलती ड्राइवर की थी?"

रामफल गोंधळला नाही. तो साधा माणूस होता, त्याला विचारलं ते त्याने सांगितलं. "खुद उसी ने बताया जी. नीचे उतरा, मेरे हाथ पकड़ लिए. रोने लगा. बोला, भाई, मेरी आँख लग गई थी, दो दिन से सोया नहीं हूँ."

न्यायाधीशांनी मान वर केली आणि टाइप करणाऱ्याला म्हणाले, "लिखो."

साहेब उभेच होते, चष्मा हातात. साक्षीदाराने आता रडायचं असतं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी घाईघाईने कागदावर लिहिलं, "पोलिसांना सांगितलं होतं का?" आणि पुढे सरकवलं. त्यांनी ते वाचून दाखवावं तसं विचारलं. रामफल म्हणाला, "बताया था जी. मुंशी ने लिखा नहीं. बोला, इतना काफी है." दारातलं कोणीतरी हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आम्ही दोनदा दाखवला.

बाहेर व्हरांड्यात नीला धावत आली. तिला हिंदी फारसं समजत नव्हतं, कोर्टाचं तर मुळीच नाही. तिचा चेहरा फुललेला होता. "साहेब, काय विचारलंत! अगदी टीव्हीत विचारता तसंच. सगळे कसे गप्प झाले!" दत्तात्रय हळूच म्हणाला, "नीला, चल तू." साहेबांनी तिच्या नमस्काराला नमस्कार केला. परतीच्या वाटेवर मी फाइल मांडीवर दाबून बसले होते. मला इतका संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर वय, मान, काही राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी चेंबरमध्ये पोचले तेव्हा फाइल त्यांच्यासमोर उघडी होती, पहिलं पान.

"हे केव्हा लिहिलंस?"

"दीड वर्ष झालं."

त्यांनी पान मिटलं.

जुलैमध्ये निकाल लागला. दत्तात्रयला एक वर्षाची शिक्षा झाली, अपिलासाठी महिन्याची मुदत मिळाली. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं की बचावपक्षाच्याच प्रश्नाला साक्षीदाराने दिलेलं उत्तर अविश्वसनीय मानायला कारण दिसत नाही. त्याच सुमारास पुष्करही आठव्या मजल्यावर येऊन गेला. चॅनेलला आता सासवासुनांची मालिका हवी होती. "सर, बख्शी परदेशी जातात असं दाखवू आपण. मारत नाही आहोत." साहेब म्हणाले, "काहीही दाखव." काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. त्या म्हणाल्या, "चिडले असते तर बरं वाटलं असतं गं."

मग एका रविवारी साहेब म्हणाले, "मानेसरला जाऊन येऊ. अपील तू चालवायचंस. हे त्यांना मीच सांगायला हवं."

पत्र्याची एक खोली, बाहेर शेअर ऑटोंचा गोंगाट. नीलाने शेजारून खुर्ची आणली आणि ती पदराने पुसून साहेबांना दिली. दत्तात्रय कॉटच्या कडेला बसला. कारखान्याने त्याला केव्हाच कामावरून कमी केलं होतं. चहा झाला. साहेबांनी कप खाली ठेवला.

"नीला, ही केस मी हरलो," ते म्हणाले. "दत्तात्रयमुळे नाही आणि त्या चहावाल्यामुळेही नाही. विचारायचा नव्हता तो प्रश्न मी विचारला. फाइल वाचली असती तर विचारला नसता. मी वाचली नव्हती. अपील आता लतिका चालवेल, माझ्यापेक्षा बरी चालवेल."

पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी असलं काही ऐकलं नव्हतं.

नीला मात्र त्यांच्याकडे बघत राहिली. "साहेब, आम्हाला असं बनवू नका," ती म्हणाली. "तुम्ही कधी चुकता का? आमची केस नको झाली तुम्हाला. गरिबाची अपील कोण लढवतंय, असं सरळ म्हणा ना."

"नीला, तसं नाही," दत्तात्रय म्हणाला.

"मग कसं? फाइल न वाचता वकील कोर्टात उभा राहतो होय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आज साक्षीदार हवा होता. मी म्हटलं, "खरं आहे ते. तो प्रश्न विचारू नका असं मी फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी गाडीतसुद्धा सांगितलं होतं." हे सांगताना मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी बरोबर होते आणि ते चूक, हे निदान कोणासमोर तरी निघालं होतं.

नीला माझ्याकडे वळली. "म्हणजे ताई, तुम्हाला ठाऊक होतं? काय होणार ते?"

"हो."

"आणि ते विचारत होते तेव्हा तुम्ही तिथेच होतात, बाजूला."

"मी त्यांचा गाऊन ओढला," मी म्हटलं. "दोनदा ओढला."

तिला ते समजलं नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "गाऊन ओढला? ताई, तोंड होतं ना तुम्हाला? माझा माणूस तुरुंगात जाणार होता आणि तुम्ही गाऊन ओढत बसलात?"

"ज्युनिअरला उठता येत नाही, नीला," साहेब म्हणाले. "तशी रीत आहे. तिचा दोष नाही."

ते माझी बाजू मांडत होते. मांडणी अगदी बरोबर होती आणि त्या खोलीत ती कोणाच्याच गळी उतरत नव्हती, माझ्याही नाही. नीलाने कप उचलले आणि बाहेर नळावर विसळायला गेली.

अपील मीच चालवलं. एक वर्षाचे सहा महिने झाले, पण शिक्षा रद्द झाली नाही. दत्तात्रय शिक्षेसाठी कोर्टात हजर व्हायला आला त्या सकाळी नीला त्याच्याबरोबर होती, कपड्यांची पिशवी घेऊन. तिने मला नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही.